मदत हवी आहे: टाचणी, डिंक, घडी काहीही न करता नोटांचा हार कसा करावा?

नमस्कार मंडळी,

आमच्या भाचीची पोलीस शिपाई म्हणून निवड झाली. अमळनेर तालुक्यातलं लहानसं गाव, घरची कोरडवाहू कपाशी, आणि ही पोरगी अंधारात उठून शेतरस्त्यावर आठशे मीटरचा सराव करायची. शेवटी मैदान मारलं, लेखीही काढली. आता गाव उघड्या जीपमधून तिची मिरवणूक काढणार आहे. आपल्या खानदेशात भाचीच्या आनंदात मामा मागे राहून कसं चालेल? तिन्ही मामांनी मिळून पाच हजार एक रुपये काढले आहेत: दोनशेच्या पंचवीस नोटा आणि वर रुपयाचं नाणं. पाकिटात घालून द्यायचे नाहीत, गळ्यात हार घालायचा, असं सासूबाईंच्या मनात आहे. मी मामी. घरी शिवणयंत्र आहे, फॉल-पिको आणि ब्लाऊजची कामं घेते, म्हणून हार माझ्याकडे आला.

बाजारात असे हार करून मिळतात. पण तिथे नोटेच्या पंख्यासारख्या चुण्या करतात, मध्ये स्टेपलरची पिन मारतात आणि खाली जिलेटिनची झालर डिंकाने चिकटवतात. घरातल्या एका लग्नात तसा हार आला होता. तो सोडवताना नोटांचे कोपरे झालरीबरोबर निघून आले. दुकानदार तशा नोटा हातात घेऊन उलटसुलट करतात आणि परत देतात, मग बँकेत जाऊन बदलत बसा. भाचीला हे पैसे ट्रेनिंगला जाताना लागणार आहेत. बूट, ट्रंक, अंथरूण-पांघरूण, सगळं यातूनच घ्यायचं आहे. त्यामुळे नोट जशी आत गेली तशीच बाहेर यायला हवी. सासूबाईंनीही बजावलं आहे, "लक्ष्मीले सुई टोचू नको, माय."

रिझर्व्ह बँकेचं आवाहन मला माहीत आहे. नोटांचे हार करू नका, मंडप सजवू नका, कुणावर उधळू नका, असं ते सांगतात. १९९९ पासून त्यांचं स्वच्छ नोटांचं धोरण आहे, आणि २००१ मध्ये तर बँकांनाच नोटांच्या गड्ड्यांना पिना मारायला मनाई केली. त्यामागचं कारण मला पटतं. भोकं पडलेली, चिकटलेली नोट लवकर फाटते आणि छापायचा खर्च शेवटी आपल्यावरच येतो. म्हणून नोट कुठेच शिवायची नाही. हार पिशव्यांचा करायचा आणि नोट नुसती आत सरकवायची, असं मी ठरवलं आहे.

आता मापं सांगते. दोनशेची नोट १४६ मिलिमीटर लांब आणि ६६ रुंद असते. तिच्यासाठी १६ सेंटिमीटर लांब, ८ रुंद अशी पारदर्शक पिशवी. नोट आडवी ठेवली तर छातीवर दोन्ही बाजूंना वीतभर रुंद पट्टे येतात आणि पोरगी त्यात झाकूनच जाते. म्हणून नोट उभी, आणि पिशव्या एकीवर एक, घराच्या कौलांसारख्या. प्रत्येक पिशवीचा खालचा चार सेंटिमीटर भाग दिसेल, तिथेच नोटेवरचा रंग बदलणारा ₹२०० चा आकडा येतो. डाव्या पट्टीवर बारा, उजव्या पट्टीवर बारा, पंचविसावी मध्ये पदकासारखी आणि तिच्याखाली नाणं. म्हणजे एकेका बाजूला ४८ सेंटिमीटर आणि मानेमागे ३० सेंटिमीटर मोकळं. तीन इंची साटीनची रिबन सव्वा मीटरच्या आसपास पुरते. मानेच्या भागाला आतून सुती अस्तर लावणार, साटीन घामाने टोचतं.

पिशवीसाठी दोन प्रकारचं प्लास्टिक पाहिलं. टेबलावर अंथरतात ते मऊ प्लास्टिक नको वाटतं. उन्हात ते आणखी मऊ होतं आणि कागदाला धरून बसतं. जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ ला टेकतो, त्यात तासभर उघड्या जीपवर उभं राहायचं आहे. नव्या शर्टावर येते ती कडक, चुरचुरणारी पिशवी बरी वाटते. तिची कड करवतीच्या पात्यावर दुमडून मेणबत्तीच्या ज्योतीजवळून भरभर ओढली की सांधा छान चिकटतो. अर्थात नोट आत घालायच्या आधी.

गाडी अडते ती पुढे. ही कडक पिशवी मशीनवर शिवली की टाक्यांच्या भोकांच्या रेषेवरूनच टर्रकन फाटते. टाका मोठा ठेवला, खाली वर्तमानपत्राची पट्टी धरली, तरी हिसका बसला की जाते. वरच्या कडेला कापडी पायपिन (कडेची अरुंद पट्टी) दुमडून त्यावरून शिलाई मारली तर टिकेल का? की शिवायचंच नाही आणि पायपिनीला टिचबटण लावून पिशवी रिबनवर अडकवायची? टिचबटणाचा फायदा मला दिसतो: घरी गेल्यावर एकेक पिशवी सुटी होईल, हार कापावा लागणार नाही. पण गर्दीत कुणी सहज ओढली तर तीही सुटेल, ही धास्ती आहे.

दुसरा प्रश्न तोंडाचा. वरची कड रिबनला जाणार, खालून उघडी ठेवली तर नोट घसरणार. म्हणून बाजूने चीर ठेवायची म्हणते. पण मिरवणुकीत गुलाल उडतोच, तो बारीक भुगा चिरेतून आत जाईल आणि त्यात घाम मिसळला की नोट गुलाबी. भाचीच्या वडिलांनी फक्त झेंडूच्या पाकळ्या उधळायचं कबूल करून घेतलं आहे, तरी गावातल्या पोरांचा भरवसा कोण देणार? त्यावर फुलांचे ओले हार पडणार ते वेगळंच. चीर बंद करायला नोटेला न लागणारं काय वापरावं?

तिसरं, दोन्ही पट्ट्या खाली जिथे जुळतात तिथे शेवटच्या दोन-तीन पिशव्या एकमेकींवर चढतात आणि पदकाची नोट झाकली जाते. तिथे कॉलरचा बकरम घालून टोक कडक करावं, की शेवटच्या पिशव्यांमधलं अंतर वाढवावं? जीप चालू झाली की वाऱ्याने पिशव्या उलटतील, त्यासाठीही काही सुचवा.

खाली प्रतिसादांत एक सल्ला आला आहे म्हणून भर घालते: खेळण्यातल्या नोटा लावून खरे पैसे पाकिटात द्या, हा सल्ला चांगल्या मनाने दिला आहे हे कळतं. घरात तो बोलूनही झाला. पण तिच्या आजीला नातीच्या गळ्यात खरी लक्ष्मी पाहायची आहे, आणि या पोरीने मेहनत खरी केली आहे. त्यामुळे नोटा खऱ्याच राहतील.

मिरवणूक येत्या रविवारी आहे. शुक्रवारी अमळनेरला सामान आणायला जाणार, तेव्हा बटणं, बकरम जे काही घ्यायचं ते त्याआधी कळलं तर बरं. कुणी असा पिशव्यांचा हार केला असेल तर मागच्या बाजूचा फोटो टाका. पुढून सगळेच दाखवतात, मला शिलाई बघायची आहे.