मदत हवी आहे: जँगो ॲडमिनमध्ये 'आवक ऑब्जेक्ट (117)', मॉडेलला नावच नाही

नमस्कार मंडळी, नाशिकहून लिहितोय. पिंपळगाव बसवंतच्या एका कांदा व्यापाऱ्यासाठी जँगोत (पायथनमधलं वेब फ्रेमवर्क) हिशोबाचं छोटं सॉफ्टवेअर करतोय, सगळं ॲडमिनवरच, म्हणजे जँगोच्या नोंदी भरायच्या तयार पानांवर. शेतकरी मॉडेलला (मॉडेल म्हणजे डेटाबेसमधला एक तक्ता) नाव आहे. 'आवक'ला मात्र नाव असं काही नाहीच: शेतकरी (फॉरेन की, म्हणजे शेतकरी तक्त्याकडे दुवा), तारीख, ट्रॅक्टरचा नंबर, काटापट्टी (वजनाची पावती) क्रमांक, क्विंटल, भाव. पेमेंट भरताना ड्रॉपडाउनमध्ये नुसतं 'आवक ऑब्जेक्ट (117)', 'आवक ऑब्जेक्ट (118)'. दिवाणजींनी चष्मा वर करून विचारलं, "हे ऑब्जेक्ट कुठल्या गावचे?"

मग डबल अंडरस्कोर एसटीआर लिहिलं, म्हणजे नोंद कोणत्या मजकुराने दाखवायची ते ठरवणारं फंक्शन. आधी नुसती तारीख रिटर्न केली तर टाइपएरर. स्ट्रिंगच (मजकूरच) लागते म्हणे. मग शेतकऱ्याचं नाव आणि तारीख जोडली. दिसायला झकास, पण एकाच शेतकऱ्याचे एका दिवशी दोन ट्रॅक्टर आले की दोन्ही ओळी हुबेहूब. शिवाय पान उघडेपर्यंत चहा पिऊन होतो. डीबग टूलबारमध्ये (पान किती क्वेरी मारतं ते दाखवणारं साधन) पाहिलं तर आठशे आवकींना आठशेच्या वर क्वेरी, प्रत्येक शेतकऱ्याचं नाव डेटाबेसला वेगळं विचारलं जातंय!

आवकमध्ये 'नाव' असा कॉलमच घालून सेव्ह करताना भरून टाकू का?

प्रतिसाद 1:
नका घालू. उद्या शेतकऱ्याचं नाव दुरुस्त केलंत तरी आवकींत जुनंच राहील. दिवाणजी आवक कशी ओळखतात ते बघा, बहुतेक काटापट्टीच्या नंबरावरून. एसटीआरमध्ये तोच आधी, मग शेतकरी, मग क्विंटल.

पेमेंटच्या ॲडमिनमध्ये आवक 'ऑटोकम्प्लीट फील्ड्स'मध्ये टाका. ड्रॉपडाउन सगळ्या ओळी ओढतो, हे एका वेळी 20च आणतं. त्यासाठी आवकच्या ॲडमिनला 'सर्च फील्ड्स' द्यावेच लागतात. एसटीआर पायथनमध्ये चालतं, डेटाबेसला त्याचा पत्ता नसतो. म्हणून शोध खऱ्या कॉलमांवरच, म्हणजे काटापट्टी क्रमांक आणि 'शेतकरी डबल अंडरस्कोर नाव'. आणि आवकच्याच ॲडमिनचं 'गेट क्वेरीसेट' (नोंदी आणणारं फंक्शन) ओव्हरराइड करून 'सिलेक्ट रिलेटेड' लावा, म्हणजे शेतकरी त्याच क्वेरीत येतील. 'लिस्ट सिलेक्ट रिलेटेड' फक्त यादीच्या पानाला लागतं, इथे नाही. माझी एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली आहे.

धागाकर्ता:
जमलं, पान लगेच उघडतंय. आभार! फक्त दिवाणजी आज म्हणाले, काटापट्टीचे नंबर दर 1 एप्रिलला पुन्हा 1पासून सुरू होतात. बसलोय आता वर्ष जोडत.