दूध न पचणं हे ‘शहरी फॅड’?

ताकपिता: काल इथे एकाने ठणकावलं, "दूध न पचणं हे शहरी फॅड. आपल्या हजार पिढ्या दुधावर पोसल्या, जनुकं अशी बदलत नसतात." डोकं फिरलं, म्हणून लांबण लावतोय. बदलतात! अंगावरचं दूध सुटलं की लॅक्टेज, म्हणजे दुधातली साखर (लॅक्टोज) पचवणारा पाचकरस, आटतं, हा सस्तन प्राण्यांचा रिवाज. माणसाने गुरं पाळली त्याला दहाएक हजार वर्षं झाली, उत्क्रांतीच्या हिशेबात काल-परवा. तेवढ्यात दूधपित्या समाजांत लॅक्टेज टिकवणारे बदल पसरले. युरोपात एक, केनिया-टांझानियाच्या गुराख्यांत वेगळेच. २००७ मध्येच दाखवून झालंय. भारतात मुख्यतः युरोपातलाच बदल सापडतो, पण वायव्येकडून दक्षिण-पूर्वेला विरळ होत जातो. तेव्हा ‘आपल्या’ पूर्वजांत मला धरू नका. कोजागरीला आत्याने आटवलेलं मसाला दूध, वर चारोळ्या, "एवढ्याने काय होतंय!" उरलेला चंद्र मी संडासाच्या खिडकीतून पाहिला.

गोठेवाले नाना: पिशवीतलं पाणी प्यायचं आणि खापर जनुकांवर. जर्सी येण्याआधी कुणाचं पोट बिघडत होतं? देशी गाईचं ए२ घ्या.

ताकपिता: ए१-ए२ हा प्रथिनातला फरक. लॅक्टोज खिलारीच्या दुधातही असतंच. आणि आत्याची गाय गीर आहे.

फॅटकाटा: अवांतर: देशी-देशी करणाऱ्यांनी पहाटे पाचला किटली घेऊन संकलन केंद्रावर उभं राहावं. आमच्या म्हशीला बाहेर तपासलं तर ७ फॅट, केंद्रावर ६.२. बोललं की "उद्यापासून दुसरीकडे घाला."

गोठेवाले नाना: गाईच्या धाग्यात म्हैस कशाला?

फॅटकाटा: घर ती चालवते म्हणून. तुम्ही गोठा फोटोत पाहिलाय.

गोठेवाले नाना: तोंड सांभाळून! आजोबांच्या दावणीला बारा जनावरं होती.

फॅटकाटा: आजोबांच्या.

मुळावर_या: ताकपिता, तुमचंही फार सरळसोट झालं. मंगोलियात दुधाशिवाय पान हलत नाही, तरी बहुतेकांत हा बदल नाही. २०२२ च्या अभ्यासात मडक्यांतल्या चरबीवरून दिसलं की युरोपात दूध हजारो वर्षं आधीपासून वापरात होतं, बदल मागाहून पसरला. एरवी पोटात गुडगुड, पण दुष्काळ-रोगराईत तीच जिवावर बेतत असावी, असा त्यांचा कयास.

ताकपिता: बरं बाबा, घाई झाली माझी. पण मंगोल घोडीचं दूध आंबवतात, आपण विरजण लावतो. निम्मं काम मडक्यातच उरकलं तर जनुकाला कोण पुसतो? माझ्या आजीने उभ्या जन्मात पेलाभर दूध घेतलं नाही, ताकाशिवाय मात्र जेवली नाही.

गोठेवाले नाना: म्हणजे देशी गाईचं ताक चालतं ना? मग मी वेगळं काय म्हणत होतो!

ताकपिता: धन्य आहे.

फॅटकाटा: चालू द्या. या खेपेच्या दुधाच्या पगारातून पुन्हा पेंडीचे कापले. न उचललेल्या पोत्याचेसुद्धा.