अनुभव धागा : एका संध्याकाळी तीन बॅले

सायली_न्यूजर्सी
सकाळी पोळ्या लाटताना रेडिओवर चायकोव्हस्कीचं तंतुवाद्यांचं 'सेरेनेड' लागलं आणि त्याच संगीतावरचा, न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये पाहिलेला 'सेरेनेड' बॅले आठवला. पडदा वर जातो, फिकट निळ्या झग्यांत १७ जणी, उजवा हात वर, कोणी हलत नाही. मग सगळ्यांची पावलं एकदम बाहेरच्या बाजूला वळतात. बस्स, एवढ्यावर माझे डोळे भरून आले होते. नृत्यरचनाकार जॉर्ज बॅलन्शीननं अमेरिकेत रचलेला हा पहिला बॅले, १९३४ चा, आपल्या नव्या बॅले-शाळेतल्या मुलींवर बसवलेला. पहिल्या तालमीला १७ जणी आल्या म्हणून सुरुवात १७ जणींची. एक उशिरा आली, एक पडली, तेही त्यानं नाचात घेतलं! त्याच संध्याकाळी पुढे नृत्यरचनाकार जेरोम रॉबिन्सचे 'फॅन्सी फ्री' आणि 'ग्लास पीसेस' हे दोन बॅले. तुम्ही पाहिलेलं लिहा ना.

एडिसनकर
फॅन्सी फ्री!! तीन खलाशी, सुट्टीची रात्र, बार. १९४४, ऐन युद्धातला. रॉबिन्स आणि संगीतकार बर्नस्टाईन दोघंही तेव्हा २५ वर्षांचे. मुलींवर छाप पाडायला तिघं एकेक करून नाचतात. तिसऱ्याचा नाच रॉबिन्स स्वतः करायचा. आम्ही पार वरच्या मजल्यावर होतो. वरून रांगा आणि आकृत्या छान दिसतात, महाग तिकीट लागत नाही.

घुंगरू
मी कथकवाली. तळपाय आपटायची सवय, त्यामुळे त्या पंजाच्या टोकावर उभ्या राहिल्या की माझेच घोटे दुखायला लागतात 😄 कुकर लावलाय, नंतर येते

ठेका
ग्लास पीसेस (१९८३) तबलजींनी बघाच. त्याचा संगीतकार फिलिप ग्लास, त्यानं साठच्या दशकात पॅरिसमध्ये रविशंकर आणि अल्लारखाँसाहेबांबरोबर काम केलंय. छोटा तुकडा घेऊन मात्रा वाढवत न्यायच्या, हे आपल्या कानाला लगेच कळतं. मधल्या भागात पुढे एक जोडी संथ नाचते, मागे बायकांची रांग काळ्या सावल्यांसारखी सरकत राहते. मी रांगच बघत बसलो.

एडिसनकर
@ठेका ग्लासचा 'सत्याग्रह' ऑपेरा ऐकलात का? गांधीजींवर, आणि सगळे शब्द गीतेतले, संस्कृत!

ठेका
नाही दादा, आज रात्रीच ऐकतो

मीनल_आई
लेक ७ वर्षांची आहे, बसेल का ती एवढा वेळ?

सायली_न्यूजर्सी
मीनल, बसेल गं. मिश्र कार्यक्रमात प्रत्येक बॅले साधारण अर्ध्या तासाचा, मध्ये मध्यंतर. खलाशी तिला नक्की आवडतील.

घुंगरू
आले. नृत्यरचनाकार ट्वायला थार्पचा 'इन द अपर रूम' (१९८६) कोणीच नाही लिहिला? धूर, पट्ट्यापट्ट्यांचे कपडे, काहींच्या पायात स्नीकर्स, काहींच्या लाल बॅलेचे बूट. संगीत पुन्हा ग्लासचंच. नाचणारे घामानं निथळतात आणि वेग वाढतच जातो. ती दमछाक त्यांनी लपवली नाही, म्हणून मला तो फार जवळचा.

मीनल_आई
थँक्यू सायलीताई. कोणी जाणार असेल तर सांगा, आमच्या गाडीत दोन जागा आहेत