कोरियन रेस्टॉरंट: मी मांसाहारी, मैत्रीण शाकाहारी. काय मागवावं?

रानजाई
गेल्या शुक्रवारी रात्री मैत्रिणीबरोबर कोरियन रेस्टॉरंटमध्ये गेले होते. टेबलाच्या मधोमध शेगडी, वर धूर ओढून घेणारं नळकांडं. मी सामग्योप्सल, म्हणजे पोर्कचे जाड, चरबीचे पदर असलेले काप मागवले. वाढणाऱ्या ताईंनी चिमट्याने एक लांबलचक काप उचलला आणि तव्यावरच कात्रीने त्याचे तुकडे केले. मला सगळंच फार आवडलं.

मैत्रीण मात्र शाकाहारी. अंडं चालतं, मासे अजिबात नाही. तिने टोफूचं सूप मागवलं, त्याला मासळीचा वास. किमचीत, म्हणजे कोबीच्या आंबवलेल्या तिखट लोणच्यात, मासळीचा सॉस आहे असं कळलं, तीही बाजूला. शेवटी भात, पालक आणि थोडे मशरूम एवढंच तिच्या पोटात गेलं. गप्पा मस्त रंगल्या, ती एका शब्दानेही कुरकुरली नाही, पण अर्धपोटी उठली हे मला दिसत होतं. पुढच्या महिन्यात तिचा वाढदिवस आहे आणि तिला पुन्हा तिथेच जायचंय. या वेळी तिनेही पोटभर जेवावं. काय मागवू?

चारकोल
दोलसोत बिबिम्बाप, म्हणजे तापलेल्या दगडी भांड्यातला भाज्या घातलेला भात. मांस नको म्हणून सांगा, वर अंडं असू द्या. दगडी भांडं तापलेलं येतं. लगेच ढवळू नका, तळाचा भात चांगला कुरकुरीत होऊ द्या. मग गोचुजांग, म्हणजे आंबवलेल्या मिरचीची पेस्ट, घालून खालपासून कालवा.

हान_नदीकाठी
नोकरीनिमित्त कोरियात सुवॉनला बरीच वर्षं होतो आणि माझा तिथला जवळचा मित्र शाकाहारी होता, त्यामुळे हा प्रश्न मी मनापासून ओळखतो.

आधी मासळी कुठे लपते ते बघा. सूप आणि रश्श्यांचं मूळ पाणी बहुतेक वेळा सुकवलेल्या छोट्या मासळीचं आणि समुद्री शेवाळाचं असतं. टोफूचं सूप म्हणून शाकाहारी ठरत नाही. किमचीत मासळीचा सॉस किंवा खारवलेली बारीक कोळंबी असते. त्तोकबोक्कीतल्या तांदळाच्या कांड्या निर्धोक, पण रस्सा त्याच पाण्याचा आणि सोबत माशाच्या वड्या. पातीच्या कांद्याच्या धिरड्यात, म्हणजे पाजोनमध्ये, पुष्कळदा कोळंबी किंवा माकूळ असतं. बटाट्याचं गामजाजोन मिळालं तर ते घ्या.

जापचे जरूर विचारा. रताळ्याच्या स्टार्चच्या काचेसारख्या पारदर्शक शेवया, पालक, गाजर, मशरूम, तिळाचं तेल. मांस घालतात, पण ताजं परतून देणारे वगळूनही देतात.

आता शेगडीचं. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सामग्योप्सलचा तवा अनेकदा उतरता असतो, चरबी वाहून एका टोकाला जावी म्हणून. त्या टोकाला किमची आणि मोडाचे सोयाबीन ठेवून त्याच चरबीत परततात. तिचे मशरूम तिथे गेले तर झालंच. म्हणून क्रम उलटा करा. कोऱ्या तव्यावर आधी तिचं भाजून घ्या: जाड देठाचे किंग ऑयस्टर मशरूम उभे चिरून, लसणाचे काप, लाल भोपळा, रताळं. मशरूमला मीठ आणि तिळाचं तेल पुरे. मग तुमचं मांस टाका. पुन्हा भाज्या हव्या झाल्या तर तवा बदलून मागा. काळा पडलेला तवा बदलून देणं हे तिथलं रोजचं काम, मागायला संकोच नको. चिमटे मात्र दोन घ्या.

आणि स्साम, म्हणजे पानात बांधलेला घास, तिच्यासाठीही करा. लेट्यूसवर पेरिलाचं (एक सुगंधी पालेभाजी) पान, त्यावर चिमूटभर भात, भाजलेला मशरूम, लसणाचा काप, बोटभर स्सामजांग, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची तिखट चटणी. पुडी छोटी बांधा, एका घासात जायला हवी, अर्धी तोडून खात नाहीत. कोरियात आपल्या माणसाला स्साम स्वतः बांधून भरवतात. वाढदिवसाला याहून चांगलं काय! सोजू (कोरियन दारू) घेणार असाल तर तिचा पेला तुम्ही भरा, तुमचा तिला भरू द्या.

पळसफूल
मी स्वतः शाकाहारी. नुसतं ‘मांस नको’ म्हटलं की मासे त्यात धरत नाहीत. मासे, कोळंबी, मासळीचा सॉस, मासळीचं पाणी ही चारही नावं वेगवेगळी घ्या, आणि शुक्रवारच्या गर्दीत नव्हे, आदल्या दिवशी दुपारी फोन करून. कोरियातल्या बौद्ध मठांच्या स्वयंपाकात मांस-मासे नसतात, कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे कोरियन आचाऱ्याला ही मागणी समजते. मासळीशिवायची किमची आहे का तेही विचारा, काही जण ठेवतात.

वाढदिवस आहे तर मियोक-गुक विसरू नका. समुद्री शेवाळाचं हे सूप कोरियात वाढदिवसाला हमखास होतं. एरवी त्यात बीफ किंवा शिंपल्या असतात, पण शेवाळ तिळाच्या तेलात परतून सोया सॉसवरही छान होतं.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. आज दुपारी फोन केला. जापचे बिनमांसाचं करून देतील. टोफूचं सूप नाही जमणार, पाणी सकाळीच एकत्र उकळतात. किमची मासळीचीच आहे. मियोक-गुक त्यांच्या यादीत नाही, पण वाढदिवस म्हटल्यावर त्या ताई स्वतःहून म्हणाल्या, आदल्या दिवशी आठवण करा, दोघींपुरतं वेगळं करते. कोपऱ्यातलं टेबल सांगून ठेवलंय. हान_नदीकाठी, पेरिलाची पानं त्यांच्याकडे नसली तर नुसत्या लेट्यूसवर भागेल का?

हान_नदीकाठी
भागेल. दोन पानं एकावर एक घ्या आणि देठाकडचा पाणीदार भाग तोडून टाका, पुडी नीट बसते.