गांडूळखताच्या बेडमध्ये दोन तऱ्हेचे चपटे कृमी. गट कसा ओळखायचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात शेती आहे. शेण आणि उसाचं पाचट घालून शेडनेटखाली गांडूळखत करतो. श्रावणात झड लागली तेव्हापासून बेडवरचं ओलं गोणपाट उचललं की खाली चिकट, लांबट प्राणी सापडतायत. गडी म्हणतो जळू आहे. पण जळवेला दोन्ही टोकांना चूषक असतात, इथं एकही नाही. गांडुळासारखी वलयंही नाहीत. म्हणजे हे प्लॅनेरियाचे (पाण्यातल्या चपट्या कृमींचे) जमिनीवरचे भाऊबंद, एवढं पक्कं. पुढं गाडी अडलीय.

पहिला वीतभर लांब, फिकट तपकिरी. पाठीवर पाच गडद रेघा, मानेशी मधोमध तुटलेला काळा पट्टा. डोकं रुंद, अर्धचंद्राकृती, चालताना ते उचलून डावीउजवीकडं हलवतो. परवा एक गांडुळाला विळखा घालून बसला होता. पोटाच्या मधून झालरीसारखी पांढरी नळी बाहेर काढून गांडुळावर पसरली होती, आणि त्या जागी गांडूळ विरघळत चाललं होतं.

दुसरा पिवळट तपकिरी, त्याच्याही पाठीवर रेघा, पण अंग गोलसर आणि डोकं असं वेगळं नाहीच, टोक निमुळतं. दहापट भिंगातून टोकाशी दोनच काळे ठिपके दिसतात. पहिल्याच्या डोक्याच्या कडेनं मात्र बारीक ठिपक्यांची रांगच आहे.

रेघा दोघांना आहेत, मग गट एकच धरायचा का? आणि दुसराही गांडुळं खातो का? बेड वाचवायचेत, जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

दादा, गट ठरवताना रेघांवर जाऊ नका, त्या जातीपर्यंत पोचायला उपयोगी. आधी डोकं बघायचं, मग डोळे. ते ठिपके म्हणजे डोळेच.

रुंद अर्धचंद्र डोकं आणि कडेनं पुष्कळ डोळे, म्हणजे बायपॅलिनी गट. तुमचा पहिला बहुधा बायपॅलियम केवेन्स. मूळचा आग्नेय आशियातला; ब्रिटिश निसर्ग अभ्यासक मोझली यांनी १८७८ साली लंडनच्या क्यू उद्यानातल्या नमुन्यावरून त्याचं वर्णन केलं. कुंड्यांच्या मातीतून तो जगभर गेलाय, तेव्हा रोपवाटिकेतून आणलेली रोपं आधी तपासा.

निमुळतं टोक आणि दोनच डोळे, म्हणजे ऱ्हिंकोडेमिनी. टोक निमुळतं असून डोळे पुष्कळ असते तर गोष्ट वेगळी होती. या गटातला प्लॅटिडेमस मनोक्वारी गोगलगाई फस्त करतो, काही जाती गांडुळांवर जगतात. त्यामुळं तुमचा दुसरा काय खातो ते रात्री बॅटरी घेऊन बघाच.

खुरप्यानं तोडू मात्र नका. केवेन्स शेपटीचे तुकडे टाकूनच वाढतो, एकाचे चार होतील. चिमट्यानं उचलून मिठाच्या पाण्यात टाका, मीठ बेडवर नको. हात लावू नका, केवेन्समध्ये टेट्रोडोटॉक्सिन हे विष सापडलंय.

मूळ धागाकर्ता

आभारी आहे. दोघांचे डोक्याकडचे फोटो भिंगातून काढून आज रात्री टाकतो. अजून एक, नमुना जपून ठेवायचा तर स्पिरिट चालेल का?

प्रतिसाद

स्पिरिटपेक्षा शुद्ध इथेनॉल मिळालं तर बघा, पुढं डीएनए तपासता येतो. फॉर्मॅलिन नको. बाटलीत गाव, तारीख आणि जिवंतपणीचा रंग पेन्सिलनं लिहून टाका, रंग पुढं उडतो.