व्हीपार्स: दुसऱ्या पार्टिशनला हार्डवेअर पाथ देताना एलबीए अडतोय

प्रश्न

एचपी-यूएक्सवर (एचपीची युनिक्स) व्हीपार्स लावतोय, म्हणजे एकाच सर्व्हरची अनेक स्वतंत्र पार्टिशनं करतोय. पीए-रिस्क (एचपीचा जुना प्रोसेसर) सर्व्हर आहे, सेल (सीपीयू-मेमरीचे सुटे बोर्ड) नसलेला. पहिलं पार्टिशन असं बनवलं:

व्हीपारक्रिएट -पी डीबी१ -ए सीपीयू::२ -ए मेम::२०४८ -ए आयओ:० -ए आयओ:०.०.२.०.६.०:बूट

ते नीट चालतंय. दुसऱ्या पार्टिशनसाठी आयओ:०.८ हा एलबीए (लोकल बस अडॅप्टर, ज्याखाली कार्डं येतात) दिला की कमांड नकार देते. त्या खालचं कार्ड आणि डिस्क पहिल्यात कुठेच वापरात नाहीत. पाथ कुठपर्यंत द्यायचा असतो? आणि ११आय व्ही३ (एचपी-यूएक्सची आवृत्ती) असेल तर आयओस्कॅनमधला (हार्डवेअरची यादी देणारी कमांड) ६४००० ने सुरू होणारा पाथ चालेल का?

उत्तर १

घोळ पहिल्या कमांडमधल्या "आयओ:०" मध्ये आहे. तो नुसता एसबीएचा (सिस्टम बस अडॅप्टर, एलबीएंच्या वरचा) क्रमांक आहे. फक्त एसबीए दिला की त्याच्या खालचे सगळे एलबीए त्या पार्टिशनकडे जातात, म्हणजे ०.८ सुद्धा डीबी१ कडे गेला. एक एलबीए एकाच पार्टिशनचा असतो. खालचं कार्ड वापरात आहे की नाही, याचा तिथे विचारच होत नाही.

तुमचा पाथ सुटा करून पाहा. ०/०/२/०.६.० मध्ये पहिलं ० एसबीए, दुसरं ० एलबीए, २ पीसीआय डिव्हाइस, नंतरचं ० फंक्शन, ६ टार्गेट आणि शेवटचं ० लन (टार्गेटमधल्या डिस्कचा क्रमांक). वाटप करताना पहिले दोनच आकडे द्यायचे: आयओ:०.०. पूर्ण पाथ लागतो तो फक्त बूट डिस्कला. सेल असलेल्या मशीनवर सगळ्यांत आधी सेलचा क्रमांक येतो, तिथे तीन आकडे द्या.

आयओस्कॅन -एफएन मध्ये "लोकल पीसीआय बस अडॅप्टर" असं वर्णन असलेली ओळ म्हणजे एलबीए. दोन पोर्टचं कार्ड असेल तर दोन्ही पोर्ट एकाच एलबीएखाली येतात; एक इकडे, एक तिकडे असं जमत नाही.

उत्तर २

वरचं बरोबर आहे, पण ०.८ काढण्याआधी त्याच्याखाली डीबी१ च्या वापरातलं खरंच काही नाही ना, ते नीट तपासा. रूट व्हॉल्यूम ग्रुपची (सिस्टमच्या डिस्कचा गट) मिरर डिस्क तिथे असेल, तर ग्रुपच्या अर्ध्याच डिस्क उरतील. कोरमला (ग्रुप चालू व्हायला लागणारी किमान डिस्कसंख्या) अर्ध्याहून जास्त लागतात, त्यामुळे डीबी१ बूट होताना अडकेल. तशी वेळ आलीच तर व्हीपारबूट -पी डीबी१ -ओ "-एलक्यू" देऊन, कोरमची अट टाळून उठवता येतं. पण त्यापेक्षा आधीच एलव्हीएमटॅबमधल्या (व्हॉल्यूम ग्रुपच्या डिस्कची नोंद) डिस्कची नावं आयओस्कॅनच्या पाथशी जुळवून घ्या. लॅन कार्डांचंही तेच.

आयओ बदलताना ते पार्टिशन बंद हवं. तुमच्याकडे एकच पार्टिशन असल्यानं दुसरीकडून कमांड देता येणार नाही. आयएसएलवर (बूट होतानाचा प्रॉम्प्ट) व्हीपीमॉनऐवजी (पार्टिशनं सांभाळणारा मॉनिटर) थेट /स्टँड/व्हीएमयुनिक्स (कर्नल) बूट करा आणि मग:

व्हीपारमॉडिफाय -पी डीबी१ -डी आयओ:०.८

व्हीपारस्टेटस -व्ही -पी डीबी१ मध्ये ०.८ गेलेला दिसला की दुसरं पार्टिशन तिथेच बनवा आणि मग व्हीपीमॉन बूट करा.

६४००० वाला पाथ देऊ नका. तो व्हर्च्युअल रूटखालचा असतो, त्यात बसचा पत्ताच नसतो, मग एलबीए कळणार कुठून? आयओस्कॅन -एम एचडब्ल्यूपाथ चालवलं की त्याच लनचे लनपाथ (लनकडे जाणारे नव्या पद्धतीचे पाथ) आणि जुना पाथ समोर येतात. एलबीएचा भाग दोन्हींत सारखाच असतो. बाकी पार्टिशनांवर ११आय व्ही२ असेल तर जुनाच पाथ वापरा. व्ही२ ला लनपाथ कळत नाही.

प्रश्नकर्ता

०.८ खाली फक्त एक फायबर चॅनल कार्ड आहे, एलव्हीएमटॅबमध्ये त्यावरचं काही नाही. काढला आणि दुसरं पार्टिशन तयार झालं. आता मॉनिटर दोघांपैकी कुठल्याही बूट डिस्कवरून उठवला तर चालेल ना?

उत्तर २

आत्ता नाही. बदल तुम्ही डीबी१ च्या डिस्कवरच्या /स्टँड/व्हीपीडीबी (पार्टिशनांच्या वाटपाची नोंद) मध्ये केलाय, तेव्हा मॉनिटर तिथूनच उठवा. पार्टिशन चालू असेल तेव्हाच त्याच्या डिस्कवरची प्रत ताजी होते. बराच काळ बंद राहिलेल्या पार्टिशनच्या डिस्कवरून मॉनिटर उठवला तर जुनं वाटप परत येतं, आणि ०.८ पुन्हा डीबी१ कडे दिसेल.