पाणाड्याची परीक्षा
पाणाड्या म्हणजे बेचक्याची काडी हातात धरून जमिनीखालचं पाणी शोधणारा. ‘करवीरमध्ये (कोल्हापूर) पाणाड्यानं दाखवलेल्या जागी बोअरला पाणी लागलं, म्हणजे ते शास्त्रच’ असा एक दावा आहे. पण शेजारी दहा पावलांवर बोअर मारलंच नाही, मग तुलना कशाशी? आपल्या काळ्या दगडात पाणी झिजलेल्या थरांत आणि भेगांत असतं, ते बऱ्याच जागी लागतं.

परीक्षा अशी घ्या. १० झाकणबंद पिंपं. प्रत्येकासाठी नाणं उडवा: छापा आला तर पाणी, काटा आला तर कोरडी वाळू. मग कोणत्या पिंपात पाणी आहे ते पाणाड्यानं सांगायचं. तेव्हा भरणाऱ्यानं तिथं थांबू नये, चेहऱ्यावरून कळतं. नुसत्या अंदाजानंही ८ किंवा जास्त बरोबर यायची शक्यता ५ टक्क्यांच्या आसपास असते. म्हणून किती बरोबर हवेत ते आधीच लिहून ठेवा, नेमकं हेच राहून जातं! बेचक्याची काडी फिरते ती मनगटाच्या नकळत हालचालीनं. विद्युत रोधकतेची तपासणीही (जमिनीत वीज सोडून थर तिला किती अडवतात ते मोजणं) चुकते, पण ती थर आणि खोली आधी सांगते, त्यामुळे चूक पकडता येते.